भिंतीपलीकडची खुर्ची

माझ्या नाकावर राग असतो, असं आमच्या घरात लहान पोरंसुद्धा म्हणतात. दादाने माझं नाव लवंगी ठेवलं तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. आता पन्नाशी गाठली, डोळ्यांना चष्मा लागला, हाताखाली चार माणसं आली, तरी दादा चारचौघांत हाक मारतो ती लवंगी म्हणूनच. एरवी मी ते हसण्यावारी नेते. त्याचं सेंटर तपासायला गेले त्या दुपारी मात्र हसायला यावं असं काहीच घडलं नाही.

माझं काम भिंती तपासायचं. एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या खोल्यांच्या भिंती. मशीनमधून निघालेले किरण पेशंटच्या अंगावर पडतात आणि तिथून चारी दिशांना उधळतात. ते खोलीबाहेर जाऊ नयेत म्हणून भिंतीत शिशाचा पत्रा घालतात. पत्रा किती जाड घालायचा हे मशीन किती ताकदीचं आहे यावर ठरतं, आणि तेवढंच भिंतीच्या पलीकडे कोण असतं यावरही ठरतं. पलीकडे दिवसभर कोणी बसणार असेल तर शिसं जाड. माणसं नुसती येऊन-जाऊन असतील, बोळ असेल, तर थोडं पातळ चालतं. आणि खोकी ठेवायची खोली असेल, जिथे कोणी दोन मिनिटांसाठी येतं आणि लागेल ते घेऊन जातं, तिथे आणखी पातळ. यात लबाडी नाही. हिशोब असाच करायचा असतो आणि तो बरोबरच असतो, मात्र नकाशावर लिहिलंय तसंच लोक वागले पाहिजेत.

दादा रेडिओलॉजिस्ट. सगळी हयात दुसऱ्यांच्या हॉस्पिटलात स्कॅन वाचण्यात घालवली, आणि निवृत्तीला टेकल्यावर स्वतःचं सेंटर काढायचं मनावर घेतलं. फर्निचरचं एक जुनं दुकान भाड्याने घेतलं. नकाशा माझ्याकडूनच करून घेतला. भावाच्या सेंटरचं काम बहिणीने करू नये, दुसऱ्या कोणाला तरी बोलाव, असं मी सांगून पाहिलं होतं. "घरात माणूस असताना बाहेरचं कशाला?" असं थोरल्या वहिनी म्हणाल्या, आणि आमच्याकडे वहिनींनी म्हटलं की ते झालंच.

तर मध्ये सीटीची खोली. एका बाजूला कंट्रोल रूम, जाड काचेची खिडकी असलेली. समोर बोळ आणि दार. पूर्वेला दादाची केबिन. मशीनच्या शेजारीच बसायचं हा त्याचा हट्ट, म्हणून त्या भिंतीत मी भरपूर शिसं घातलं. डॉक्टर सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथे बसणार असं धरून. पश्चिमेला बिनखिडकीची एक चिंचोळी खोली उरत होती, ती स्टोअर. सलाइनच्या बाटल्या, कागदाचे गठ्ठे, असलं सामान ठेवायला. तिथे पातळ पत्रा पुरे झाला.

उद्घाटन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. मी गेले तेव्हा लॉबीतल्या खुर्च्यांवरचं प्लॅस्टिकही निघालं नव्हतं. फुलवाला दाराशी घासाघीस करत होता. मी सगळ्या भिंती मोजून सही केल्याशिवाय मशीनवर पेशंट घ्यायचा नाही, असा नियम आहे. दादाने मला दारातच गाठलं.

"या इन्स्पेक्टर साहेब. चहा आधी की धाड आधी?"

"धाड," मी म्हणाले. तेव्हा माझा मूड चांगला होता.

टेक्निशियन ताडमाड उंच, शांत माणूस होता. त्याने पेशंटच्या जागी पाण्याने भरलेला प्लॅस्टिकचा डबा ठेवला. किरण माणसाच्या अंगावरून उधळतात तसेच साधारण त्या पाण्यावरून उधळतात. तो आत मशीन चालू करणार, मी बाहेर मीटर धरून भिंतीभिंतीने फिरणार. कंट्रोल रूम ठीक होती. दार ठीक होतं. बोळात एका जागी मीटरने उडी मारली. बोर्ड उघडून पाहिलं तर इलेक्ट्रिशियनने वायर ओढायला शिशाच्या पत्र्याला खुशाल भोक पाडलेलं. मी त्याला फोन लावला आणि चांगली हजेरी घेतली. टेक्निशियनने उरलेल्या पत्र्याचं ठिगळ मागे ठोकलं, पुन्हा मोजलं, मीटर शांत झालं. असं एखादं भोक प्रत्येक सेंटरमध्ये निघतंच, त्याचा मला राग येतो आणि जातो.

मग दादाची केबिन. भलं मोठं टेबल, उंच पाठीची काळी खुर्ची, भिंतीला सोफा, खिडकीबाहेर झाड. मी खुर्चीच्या जागी मीटर धरलं. मशीन फिरलं तरी मीटर ढिम्म हललं नाही. माझं कामच ते, तरी मला बरं वाटलं.

शेवटी स्टोअर. दार लोटलं तर आत दिवा लागलेला होता आणि धाकटी बसली होती.

धाकटी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. भाऊ गेल्याला बराच काळ झाला. त्याचं दुखणं लांबलं तेव्हा हिने वकिलाच्या ऑफिसातली टायपिंगची नोकरी सोडली आणि त्याची उस्तवार केली. तो गेल्यावर ती आमच्या घरातच राहिली, दादा-वहिनींबरोबर. तिला धाकटी म्हणायचं ते धाकट्याची बायको म्हणून, पण हळूहळू त्या शब्दाला घरात वेगळाच अर्थ चिकटला. धाकटी दार उघडेल. धाकटी औषध आणेल. धाकटी असेल ना घरी.

एक अरुंद टेबल, वर कॉम्प्युटर, कानाला हेडफोन, रेकॉर्ड केलेला आवाज पायाने दाबून मागेपुढे करायचं ते पायडल. डोक्यावर खोक्यांची फळी. कोपऱ्यात छोटा पंखा. आणि खुर्ची पाठीमागे सरकवून भिंतीला टेकवलेली, त्याच भिंतीला, जिच्या पलीकडे मशीन. पाठीला गार लागू नये म्हणून तिने भिंतीला खिळा मारून एक उशी टांगली होती.

"ताई, तुम्ही आलात? मला कोणी सांगितलंच नाही," ती हेडफोन काढत म्हणाली.

"काय टाइप करतेस?"

"रिपोर्ट. दादांनी तोंडी सांगून रेकॉर्ड केलेले."

"कसले रिपोर्ट? सेंटर उद्या उघडतंय."

"ओळखीतले पेशंट चाललेत ना. मशीन हाताखालून जायला पाहिजे म्हणून." ती माझ्या तोंडाकडे पाहून घाबरली. "काही चुकलं का माझं?"

मी तिला बाहेर काढलं. तिच्या खुर्चीत, तिची पाठ येते त्या उंचीवर, मीटर बांधलं, दार लावलं आणि टेक्निशियनला ओरडून सांगितलं, चालू कर. मीटर सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतं. दार उघडून तो पाहिला, मग दिवसाला किती पेशंट होतील ते धरून मनात गुणाकार केला. विश्वास बसेना म्हणून कागदावर केला. कोणी दोन मिनिटांसाठी येणार असेल तर भिंत ठीक होती. दिवसभर बसणाऱ्या माणसासाठी आकडा मर्यादेच्या कितीतरी पट होता.

मी उगाच भीती घालत नाही, घालणाऱ्यांचा मला तिटकारा आहे. धाकटीचे केस गळणार नव्हते. ती उद्या आजारी पडणार नव्हती. या किरणांना वास नाही, चटका नाही, आणि त्यामुळेच लोकांचं फावतं. वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगात गेल्याने कोणाला काय होईल हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, म्हणून तर मर्यादा आखली आहे. जो या कामातलाच आहे, ज्याच्या गळ्यात मोजणारा बॅज आहे, त्याने आपल्या मर्जीने ते पत्करलेलं असतं. हिला कोणी विचारलंही नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दादा लॉबीत फलकाचे स्क्रू पाहत होता. वहिनी फुलांचा हिशोब करत होत्या. मी तिथेच सुरुवात केली.

"स्टोअरमध्ये माणूस का बसवलास?"

"स्टोअरमध्ये?" दादा स्क्रूवरून नजर न काढता म्हणाला. "तिथे कोणी बसत नाही गं. धाकटी बसते."

त्याला आपण काय बोललो हे कळलंही नाही. वहिनींनाही नाही. फुलवाल्याला बहुतेक कळलं, कारण तो माझ्याकडे बघायला लागला.

"दादा, तू जे आत्ता म्हणालास ते पुन्हा मनात म्हणून बघ."

"आता काय झालं?"

मी सांगितलं काय झालं ते. भिंत कशी आहे, आकडा किती आला, आणि माझ्या सहीच्या आधीच पेशंट घेतलेत हेही कळलंय मला. दादा ऐकून घेतो, तो तसा आरडाओरडा करणारा नाही. शेवटी त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"लवंगी, मी तीस वर्षं या किरणांत काढली. मला काय झालंय?"

"तुझ्या गळ्यात बॅज होता, अंगावर शिशाचा एप्रन होता, आणि तुला पगार त्याचाच होता."

"मग तिलाही बॅज देऊ. एप्रन घालून बसेल."

"कित्येक किलोंचा एप्रन अंगावर घालून दिवसभर टायपिंग? तू एक तास करून दाखव."

"मग वेळ कमी करू. अर्धा दिवस."

"अर्धा दिवससुद्धा त्या भिंतीला झेपत नाही. आणि कमी करणार कोण, तू? तुझे रिपोर्ट तुंबले की तूच तिला म्हणशील, जरा थांब."

वहिनींनी तोंड घातलं. "अगं, तिलाच आत बरं वाटतं. तिला लोकांत बसायला आवडत नाही."

"तुम्ही विचारलंत तिला?"

"विचारायचं काय त्यात? मी ओळखते की तिला."

वहिनी वाईट नाहीत. माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्या रात्रीच्या रात्री जागल्या आहेत. पण रिसेप्शनवर कोण बसणार, उद्घाटनाला साडी कोणती नेसणार, कोपऱ्यात झाड कुठलं ठेवणार, हे सगळं त्यांनी महिनोनमहिने ठरवलं होतं, आणि त्या सगळ्यात धाकटीचा विचार आला तो टेबल कुठे मावेल एवढाच.

"मी सही करणार नाही," मी म्हणाले. "त्या भिंतीत आणखी शिसं घाल, मग बोलव मला."

"शिसं मागवून, भिंत फोडून, बसवून दोन आठवडे जातील. उद्या शंभर माणसं येतायत."

"येऊ देत. चहा पाज आणि परत पाठव."

दादाने हात झटकले आणि केबिनमध्ये निघून गेला. मी नळाशी जाऊन तोंडावर पाणी मारलं. कंट्रोल रूममध्ये टेक्निशियनने न विचारता चहाचा कप पुढे केला, तो प्यायले. राग थोडा निवला असेल नसेल, तेवढ्यात बोळातून फरफटल्याचा आवाज आला.

बाहेर येऊन बघते तर दादा आणि वहिनी मिळून ते अरुंद टेबल स्टोअरमधून बाहेर काढत होते. दादाला चक्क उत्साह आला होता.

"लवंगी, सुटला बघ प्रश्न. टेबल काढलं, खुर्ची काढली. आता ते स्टोअर आहे. तुझ्या नकाशात आहे तसंच. तू स्टोअर म्हणून मोज आणि स्टोअर म्हणून सही कर. तुला कोणी खोटं लिही म्हणत नाही."

"आणि परवा?"

"परवाचं परवा. तिची काहीतरी सोय करू."

आणि वर तो हसला. समजूत घालतानाचं त्याचं हसू मला लहानपणापासून पाठ आहे. त्याच्या मागून धाकटी आली. तिच्या एका हातात कीबोर्ड होता, दुसऱ्या हातात ती उशी. सगळ्यांच्या आधी तिनेच आपलं सामान आवरायला घेतलं होतं.

"ताई, आता होईल ना सही?" तिने विचारलं.

मी तिच्यावरही भडकले, हे कबूल. तिला दंडाला धरून बोळाच्या टोकाला नेलं.

"तुला कळतंय का हे काय करतायत? उद्या लोक गेले की खुर्ची परत तिथेच येणार."

"कळतंय की," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सरळ होता. "मी काही खुळी नाही. वकिलाकडे इतकी वर्षं होते, माणसं कसं बोलतात ते कळतं मला."

"मग?"

"मग काय ताई. तुम्ही सही केली नाही तर सेंटर अडेल, आणि कोणामुळे अडलं तर माझ्यामुळे. मग म्हणतील, नकोच ती तिथे, घरीच बरी. घरी मी दिवसभर सगळ्यांच्या हाताशी. इथे निदान दार लावून बसता येतं. मी मन लावून टाइप केलेलं काहीतरी माझ्या हातून बाहेर जातं. मला ते सोडायचं नाही." तिने उशी दुसऱ्या काखेत घेतली. "बाकी किरण-बिरण मला दिसत नाहीत. दिसतं ते एवढंच."

म्हणजे ती किरणांत बसायला तयार होती, का, तर तेवढी एकच खोली होती जिथे तिला कोणी हाक मारत नव्हतं. तिच्यासाठी कोणी भिंत जाड केली नव्हती, आणि ती पातळ भिंतसुद्धा हातची जाऊ नये म्हणून ती धडपडत होती. मला दादाचा राग आला, वहिनींचा आला, गेलेल्या भावाचाही आला, आणि तो कुठे काढावा ते कळेना.

समोर दादाच्या केबिनचं दार उघडंच होतं. आत कोणी नव्हतं. काळी खुर्ची खिडकीकडे तोंड करून उभी होती. मी त्या खुर्चीकडे पाहत राहिले आणि मग मला स्वतःचाच हिशोब आठवला. ती भिंत मी दिवसभर बसणाऱ्या माणसासाठी बांधली होती. दादा कुठे दिवसभर बसणार होता? सकाळी तो जुन्या हॉस्पिटलात जाणार, ते त्याने सोडलं नव्हतं. दुपारी घरी जेवण आणि झोप. सेंटरला येणार संध्याकाळी, तासभर, रिपोर्ट सांगायला आणि भेटायला आलेल्यांशी बोलायला. जो तासभर बसणार त्याच्या पाठीशी भरपूर शिसं होतं, आणि जी दिवसभर बसणार तिच्या पाठीशी उशी.

मी परत लॉबीत आले.

"दादा, मी आत्ता सही करते. एका अटीवर. खोल्या बदल."

"म्हणजे?"

"तुझी केबिन धाकटीला. स्टोअर तुला. तिची भिंत दिवसभराला पुरते, तुझी तासाभराला पुरते. शिसं नको, फोडाफोडी नको, उद्घाटन वेळेवर. मी दोन्ही खोल्या नकाशात तशा लिहिते आणि सही करते."

वहिनी मटकन खुर्चीवर बसल्या, खालचं प्लॅस्टिक वाजलं. "डॉक्टरांच्या केबिनमध्ये टायपिस्ट? उद्या मोठमोठी माणसं येतील, त्यांना काय दाखवायचं?"

"सीटी मशीन दाखवा. त्यासाठीच येतायत ती."

दादाचा चेहरा लाल झाला. तो तसा चिडत नाही म्हटलं ना, पण चिडला की आमच्या दोघांचं रक्त एकच आहे हे कळतं.

"मी बसू त्या कोठडीत?" तो म्हणाला. "खिडकी नाही. एसी नाही. दार लावलं की श्वास कोंडतो. डोक्यावर खोकी. माणसाने बसायची जागा आहे का ती?"

तो एवढ्या मोठ्याने बोलला की कंट्रोल रूममधला टेक्निशियनसुद्धा बाहेर आला. धाकटी बोळाच्या तोंडाशीच उभी होती. तिने हातातला कीबोर्ड हळूच रिसेप्शनच्या टेबलावर ठेवला.

"दादा," ती म्हणाली, "तुम्ही मला म्हणाला होतात, तिथे फार शांत वाटेल तुला."

वहिनी म्हणाल्या, "अगं, त्यांचं म्हणणं तसं नव्हतं," पण कसं होतं ते त्यांनाही सांगता येईना.

"ताई, ते मीटर मला दाखवता का?" धाकटीने विचारलं. "मला बघायचंय."

मी तिला दाखवलं. आधी स्टोअरमध्ये, तिच्या खुर्चीच्या जागी खोक्यावर मीटर ठेवलं, दार लावलं, मशीन फिरवलं. मग दार उघडून तिने स्वतः आकडा वाचला. जरा वेळ लागला तिला, पण वाचला. मग म्हणाली, आता तिकडे. केबिनमध्ये ती काळ्या खुर्चीत बसली आणि मीटर मांडीवर घेतलं. मी टेक्निशियनला खूण केली. भिंतीपलीकडे मशीन घरघरलं, थांबलं. मीटर ढिम्म होतं. तिने काचेवर बोट टेकवून पाहिलं, ते बंद तर पडलं नाही ना म्हणून.

"चालू आहे," मी म्हणाले.

"मग मला इथे बसायचंय," ती म्हणाली.

दादा दारात आला होता. त्याला वाटलं असावं की बघून झालं, आता ती उठेल. तो बाजूला सरकून उभा राहिला, तिला जायला वाट द्यायला. ती उठली नाही. तिने खुर्ची पुढे ओढली, पायाला पायडल कुठे येईल ते चाचपून पाहिलं आणि टेबलावरची दादाच्या नावाची लाकडी पाटी उचलून एका कडेला ठेवलं.

"माझा कॉम्प्युटर इकडे आणायला सांगता का?" तिने विचारलं. कोणाला विचारलं ते कळलं नाही. टेक्निशियन लगेच निघाला, बहुतेक तो कोणी सांगायचीच वाट बघत होता.

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं. त्याला ठाऊक आहे, मी एकदा नाही म्हटलं की नाही. सही नाही तर उद्या मशीन बंद, आणि शंभर माणसांपुढे बंद मशीन दाखवण्यापेक्षा खोली दिलेली परवडली, हा हिशोब त्याने तिथल्या तिथे केला. मोठ्या मनाने केला असं मी म्हणणार नाही. त्याने सोफ्यावरची आपली बॅग उचलली, एक जास्तीची खुर्ची उचलली आणि स्टोअरकडे चालू लागला. वहिनी मागून म्हणत होत्या, नंतर बघू, उद्याचा दिवस जाऊ दे, मग काय ते बघू. मी त्यांना म्हटलं की मी दर थोड्या दिवसांनी न सांगता येणार आहे, आणि आले की आधी कोण कुठे बसलंय ते बघणार आहे. त्या पुन्हा फुलांच्या हिशोबाकडे वळल्या.

मी नकाशावर दोन्ही खोल्या खोडून पुन्हा लिहिल्या. पूर्वेला टायपिंग, दिवसभर. पश्चिमेला डॉक्टर, संध्याकाळी तासभर. खाली सही केली. राग गेला म्हणता? मुळीच नाही. एका मीटरने मोजून दाखवावं लागलं तेव्हा कुठे आमच्या घराला ती बाई दिसली, हे माझ्या डोक्यातून जाईना. केबिनमधून कीबोर्डच्या कळांचा आवाज येऊ लागला होता. अर्धवट राहिलेला रिपोर्ट तिने पुरा करायला घेतला होता.

कागद द्यायला मी स्टोअरमध्ये गेले. दादा खोक्यांखाली खुर्ची मांडून उभा होता, अजून बसला नव्हता. त्याने खुर्ची भिंतीपासून जरा पुढे ओढली. मग आणखी जरा पुढे ओढली. पुढे दार होतं, जागा संपली.

"लवंगी," तो हळू आवाजात म्हणाला, "इथे रोज किती वेळ बसलेलं चालतं गं? म्हणजे नक्की किती?"

तीस वर्षं किरणांत काढलेला डॉक्टर. बोळात जाऊन मी धाकटीला हाक मारली. कळांचा आवाज थांबला आणि ती हेडफोन गळ्यात घेऊन दाराशी आली.

"आता हिच्यासमोर परत विचार," मी दादाला म्हटलं.